नारळीकरांनी कृष्णऊर्जा मोडीत काढली होती का?

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, पण त्यांच्या नावावर एक दावा इथे रुजला तो रुजलाच: "नारळीकरांनी आइनस्टाइनला खोटं पाडलं. त्यांचं गुरुत्वाकर्षण मानलं की कृष्णऊर्जेची गरजच उरत नाही. गोऱ्यांनी ते दाबलं, इतकंच."

शेवटापासून सुरुवात करू. नारळीकरांचा हा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त १९६४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडला गेला. वर्षभरात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच, नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. दाबणं याला म्हणत असतील तर ते सगळ्यांच्याच वाट्याला यावं.

आता मूळ मुद्दा. विश्वाचं प्रसरण वेगावत चाललंय हे कळलं १९९८ मध्ये. त्यामागच्या अज्ञात कारणाला दिलेलं 'कृष्णऊर्जा' हे नाव त्यानंतरचं. मग १९६४चा सिद्धान्त तिला घालवणार कसा? तो मांडणाऱ्या फ्रेड हॉइल आणि नारळीकर यांचा प्रश्न वेगळाच होता. कणाचं वस्तुमान कुठून येतं? विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे, असं त्यांचं उत्तर; मूळ विचार भौतिकशास्त्रज्ञ माखचा. आणि कणांनी भरलेल्या विश्वासाठी त्यांची समीकरणं सोडवली की हाती येतात आइनस्टाइनचीच समीकरणं. हे स्वतः नारळीकर अभिमानाने सांगत. त्यांचे चाहते मात्र नेमकं तेवढंच गाळतात.

कृष्णऊर्जेशी नारळीकरांची खरी गाठ पुढे पडली. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये महास्फोटाला पर्याय म्हणून अर्धस्थिर विश्वाचं प्रारूप मांडलं होतं. १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले तेव्हा बहुतेकांनी अर्थ काढला की प्रसरण वेगावलंय. नारळीकरांच्या गटाने विचारलं, मधल्या धुळीने प्रकाश गिळला नसेल कशावरून? सुपरनोव्हांतून उधळलेल्या धातूच्या, मिलिमीटरभर लांबीच्या सुया त्यांनी सुचवल्या. प्रश्न रास्त होता. पण या प्रारूपात द्रव्यनिर्मितीसाठी ऋण ऊर्जेचं 'सी-क्षेत्र' लागतं, वर त्या सुया. म्हणजे एक न दिसणारी गोष्ट काढून दोन आणल्या. गंमत अशी की हॉइल यांच्या जुन्या स्थिर-स्थिती विश्वात प्रसरण वेगावतंच. तो सिद्धान्त १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाच्या शोधाने मागे पडला होता.

धूळ का पुरत नाही? कसारा घाटात धुकं असलं की समोरचा दिवा मंद दिसतो, पण मैलाचे दगड जवळ-लांब सरकत नाहीत. आकाशातही असे दगड आहेत. दीर्घिकांच्या विखुरण्यात साधारण ५० कोटी प्रकाशवर्षांचं एक ठरावीक अंतर उमटलेलं दिसतं. दीर्घिकांच्या स्लोन सर्वेक्षणाने ते २००५ मध्ये पकडलं. ही मोजपट्टी उजेडावर नव्हे, कोनावर चालते. तिच्याशी धुळीचं काही देणंघेणं नाही, आणि पार्श्वप्रारणाच्या मोजमापांसोबत ती प्रसरण वेगावल्याचंच सांगते.

मग गुरुत्वाकर्षणच बदलून कृष्णऊर्जा टाळता येणार नाही का? प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांतल्या बऱ्याच सिद्धान्तांत गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा निघायचा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले. एका दिवसात कित्येक सिद्धान्त बाद झाले. सगळे नाहीत, काही अजून शर्यतीत आहेत.

किरकोळ गैरसमज. कृष्णऊर्जा आणि कृष्णद्रव्य एकच: नव्हे, पहिली प्रसरणाला वेग देते, दुसरं दीर्घिकांना धरून ठेवतं. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलणाऱ्या मिलग्रोमच्या १९८३च्या 'मॉण्ड' सिद्धान्ताने कृष्णऊर्जा संपते: त्याचं भांडण कृष्णद्रव्याशी. प्रसरणामुळे पृथ्वीही सूर्यापासून दूर सरकतेय: सूर्याची ओढ तिथे कितीतरी पटीने भारी आहे. दीर्घिकांच्या 'डेसी' सर्वेक्षणाने कृष्णऊर्जा खोटी ठरवली: २०२४-२५च्या निकालांत ती काळानुसार क्षीण होत असावी असे संकेत आहेत, अजून शिक्कामोर्तब नाही; आणि क्षीण होण्यासाठी ती आधी असावी लागते.