आपला लांडगा, आपल्या रंगांत

सुट्टीचे दिवस आले की मुलांच्या रंगपेट्या घरोघरी बाहेर निघतात. पशुपक्ष्यांची चित्रे काढण्याची हौस बहुतेकांना असतेच. त्यांतून लांडगा काढायचा म्हटले, की मूल एखाद्या परदेशी चित्राचा आधार घेते आणि कागदावर उतरतो तो बर्फात उभा असलेला, गळ्याभोवती दाट केसांचा उत्तरेकडील लांडगा. नक्कल सुबक साधते. पण तो आपला लांडगा नव्हे. आपला लांडगा आम्हां सुरतकरांपासून फार दूर नाही. खंबायतच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यातील वेळावदरच्या गवताळ रानात तो आजही नांदतो.

वेळावदरचे राष्ट्रीय उद्यान १९७६ साली स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे ३४ चौरस किलोमीटर आणि ख्याती काळविटांची. काळवीट आहेत म्हणून लांडगाही आहे. हा लांडगा सडपातळ, लांब पायांचा. रंगाने मातकट करडा, कोठे तांबूस. पाठीवरील केसांची टोके तेवढी काळी. थंड देशांतील लांडग्याच्या अंगावर जो आतला लोकरीसारखा थर असतो, तो याच्या अंगावर फारसा नसतो. त्यामुळे खांद्याचे हाड, बरगड्या, पोटाचा खळगा हे सारे लवेखालून जाणवते. म्हणून चित्रकाराने आधी शरीराची ठेवण नीट रेखाटावी. ती चुकली तर केसांच्या गर्दीत लपवण्याची सोय येथे नाही.

प्राणिचित्रांच्या इतिहासाशी सुरतेचे नाते जुने आहे. जहांगीर बादशहाच्या काळी हे मोगलांचे मोठे बंदर होते. बादशहाला दुर्मीळ प्राण्यांचा विलक्षण नाद, आणि त्यांची चित्रे काढण्यास उस्ताद मन्सूरसारखा कलावंत पदरी. १६२१ साली दरबारात झेब्रा आला, तेव्हा त्याच्या अंगावरील पट्टे कोणी रंगवले असावेत अशी शंका लोकांना आली होती! मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले वापरीत. त्यांचे रंगही पाण्यातलेच, पण अपारदर्शक. गडद रंगावर फिकट केस ओढता येई.

आपल्या शाळांतून जे पारदर्शक जलरंग शिकवले जातात, त्यांची रीत उलट आहे. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. फिकट केस काढायचा नसतो, राखायचा असतो. त्याच्या आजूबाजूची सावली तेवढी रंगवायची. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. जलरंगांत उजेड कसा खेळतो, हे त्याहून चांगले कोण सांगणार?

आता प्रत्यक्ष कृती पाहू. कागद जाड घ्यावा आणि चित्राचा भाग पाण्याने ओला करावा. त्यावर रॉ सिएनाचा पातळ हात द्यावा. पाठीवर जेथे ऊन पडते ती जागा कोरी ठेवावी. कागद ओला असतानाच पोटाखाली व मानेखाली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणाचा करडा रंग सोडावा. मग चित्र पूर्ण वाळू द्यावे. पावसाळ्यात सुरतेची दमट हवा येथे परीक्षा पाहते. घाई केली की रंग फुटून पसरतो.

दुसऱ्या थरात केसांची दिशा सांभाळायची. नाकापासून ते मागे वळतात, गालांवर बाहेर व खाली, पायांवर सरळ खाली उतरतात. चेहऱ्यावर फटकारा आखूड, मानेवर आणि शेपटीवर लांब. जुन्या चपट्या ब्रशाचे केस बोटांनी फाकवून, रंग जवळजवळ कोरडा ठेवून तो हलकेच ओढावा. एका फटकाऱ्यात अनेक केस उमटतात. पाठीच्या काळ्या टोकांसाठी नळीतला काळा रंग टाळावा. तोच निळा-तपकिरी मिश्रणाचा रंग दाट करून लावला की पुरे. सुटे केस फक्त कानांच्या कडेला, पाठीच्या रेषेवर आणि शेपटीच्या टोकाला काढावेत. बाकीचे पाहणाऱ्याची दृष्टी पुरे करते. डोळा पिवळसर, बाहुली गोल. तिच्यावर चमकेचा एक ठिपका कोरा राखावा.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात याच सुरतेत दोन डोडो पक्षी पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. डोडोचे एक मोगल चित्रही आहे. ते मन्सूरचे मानले जाते. ते शतक सरेपर्यंत पक्षी जगातून नाहीसा झाला, चित्र राहिले. आपल्या लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वांत वरचे संरक्षण दिले आहे. तरी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा देशभरातील अंदाज सुमारे ३,१०० इतकाच आहे. म्हणजे वाघांहूनही कमी. गवताळ माळ नांगराखाली व कारखान्यांखाली जात आहेत, गावकुत्र्यांचे रोग त्याला लागत आहेत, आणि शेळ्यामेंढ्यांच्या रागापायी माणूसही त्याच्या जिवावर उठतो.

हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी वाहनवाहू बोट नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून भावनगरचा लांबचा वळसा टळला. उद्यान पावसाळ्यात बंद असते; हिवाळ्यात मुलांना तेथे अवश्य न्यावे, सोबत पेन्सिल आणि वही द्यावी. लांडगा दिसेलच असे नाही. पण ज्या गवतात तो राहतो ते गवत तरी मुले पाहतील, आणि पुढच्या चित्रात बर्फाच्या जागी तेच उमटेल. ज्याचे रूप मनापासून न्याहाळले, त्याचे नाहीसे होणे मनाला सहज सोसत नाही.