एसआयपीतली सिगारेट

सुपारीचं खांडही न खाणाऱ्या माणसाने निफ्टी ५०च्या इंडेक्स फंडात एसआयपी लावली, की दर महिन्याला त्याचे थोडे पैसे सिगारेटच्या धंद्यात जातात. आयटीसी निफ्टीत आहे. तिचा आशीर्वाद आटा घरोघरी पोचला असला, तरी नफ्याचा मोठा वाटा आजही सिगारेटी मिळवून देतात. एलआयसीकडेही या कंपनीचे सुमारे १५ टक्के समभाग आहेत. सरकारी विमा कंपन्यांच्या या गुंतवणुकीविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती.

आपला पैसा अशा धंद्यात नको, असं म्हणणाऱ्यांसाठी नैतिक फंड निघाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ साली, अमेरिकेतल्या दोन मेथडिस्ट धर्मगुरूंनी ‘पॅक्स वर्ल्ड फंड’ सुरू केला आणि शस्त्रं, दारू, तंबाखू, जुगार यांच्या कंपन्या वगळल्या. आज या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष असतं ते नॉर्वेच्या सरकारी निधीकडे. २००४पासून त्याची एक नैतिकता समिती कंपन्या तपासून कोणती वगळावी याची शिफारस करत आली आणि वगळलेल्यांची यादी जाहीर होत आली. वेदांता २००७मध्ये या यादीत गेली, २०१०मध्ये आयटीसीसह जगभरच्या तंबाखू कंपन्या गेल्या. हा निधी मुळात तेलविक्रीच्या पैशावर उभा आहे, ही टीका नॉर्वेला कायम ऐकावी लागते.

भारतात ‘टाटा एथिकल फंड’ शरियतची तत्त्वं पाळतो. दारू, तंबाखू, जुगार तर वर्ज्यच, पण व्याजावर चालणारा धंदाही वर्ज्य. म्हणून एचडीएफसी किंवा स्टेट बँकेचे समभाग या फंडात मिळणार नाहीत. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्याला ही अट पटणं कठीण. नैतिक कशाला म्हणायचं हे प्रत्येक फंड आपापलं ठरवतो, आणि गुंतवणूकदार फसतो तो इथेच.

पाप वगळलं तर परतावा घटतो का? हाँग आणि काकपरचिक या अभ्यासकांनी २००९मध्ये दाखवलं, की अमेरिकेत दारू, तंबाखू आणि जुगाराच्या समभागांनी बाकीच्यांपेक्षा जास्त कमाई करून दिली होती. बड्या संस्था हात लावत नाहीत, म्हणून ते स्वस्तात मिळतात, हे त्यांनी दिलेलं एक कारण.

मात्र अशा धंद्यांवर सरकारची नजर कधी फिरेल याचा नेम नसतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या ‘डेल्टिन रॉयल’ या तरंगत्या कॅसिनोची मालक डेल्टा कॉर्प शेअर बाजारात नोंदलेली आहे. ११ जुलै २०२३ला जीएसटी परिषदेने कॅसिनो आणि ऑनलाइन गेमिंगमधल्या पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी डेल्टाचा भाव २० टक्क्यांहून जास्त कोसळला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच केले.

नैतिक गुंतवणुकीतल्याच ‘ईएसजी’, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार पाहणाऱ्या, फंडांबाबत सेबीने जुलै २०२३मध्ये नियम कडक केले. फंड कोणत्या पद्धतीने चालतो ते आता योजनेच्या नावातच सांगावं लागतं आणि किमान ८० टक्के रक्कम त्या पद्धतीने गुंतवावी लागते. ‘एक्सक्लुजन’ लिहिलं असेल, तर काही धंदे सरळ वगळलेले असतात. ‘इंटिग्रेशन’मध्ये या तिन्ही गोष्टींचा विचार इतर निकषांच्या जोडीने होतो, एखादा धंदा बाद होईलच असं नाही.

त्यामुळे नावावर विसंबू नये. योजनेच्या माहितीपत्रकात काय वगळलं आहे ते वाचावं. म्युच्युअल फंडांना दर महिन्याला आपली पूर्ण गुंतवणूक संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. पुढचा हप्ता जाण्याआधी ती यादी उघडा आणि नको असलेल्या कंपन्या तिच्यात आहेत का, ते स्वतः तपासा.