सातासमुद्रापलीकडची इर्जिक

'घर पाहावे बांधून' असे आपली जुनी माणसे म्हणत. ज्याने बांधले त्यालाच ती कथा ठाऊक. वाळू आली तर सिमेंट नाही, सिमेंट आले तर गवंडी दुसऱ्या गावाला! मग पदरचे पैसे खर्चून कोणी परमुलखातल्या अनोळखी माणसाच्या घराला हात लावायला येतो म्हटले, तर नवल वाटणारच.

लोणावळ्याजवळ माळवलीला २००६ साली असे घडले. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे दोन हजार माणसे तेथे जमली. काही आपल्याकडची, काही परदेशची. पाच दिवस खपून शंभर गरीब कुटुंबांची घरे उभारायची असा बेत होता. त्या गर्दीत ८२ वर्षांचे एक गृहस्थ बायकोसह कामाला लागले होते. ते अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर.

कार्टर मूळचे जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या खेड्यातले भुईमूग पिकवणारे शेतकरी. १९८१ साली अध्यक्षपद सोडून घरी परतले तेव्हा दुष्काळ आणि ढिसाळ कारभार यांपायी त्यांच्या शेंगांच्या धंद्यावर मोठे कर्ज चढले होते. शेतकऱ्याची ही गत तिकडेही चुकत नाही! त्यांच्या मातोश्री लिलियन तर त्यांच्याही आधी महाराष्ट्रात येऊन गेल्या होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, ही परिचारिका विक्रोळीला सेवेला आली आणि जवळजवळ दोन वर्षे राहिली. त्या वयात आपल्याकडे बाई सुनेच्या हाती किल्ल्या देऊन मोकळी होते.

प्लेन्सपासून जवळच अमेरिकस नावाचे गाव आहे. तेथे मिलार्ड फुलर आणि त्यांची पत्नी लिंडा यांनी १९७६ साली 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. त्याआधी दोघांनी आफ्रिकेतल्या झाईर देशात (आजचा काँगो) तीन वर्षे घरे बांधण्याचे काम केले होते. त्यांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. घर फुकट द्यायचे नाही. नफा न घेता द्यायचे, आणि पैसे बिनव्याजी हप्त्यांनी फेडून घ्यायचे. शिवाय घरच्या माणसांनी स्वतः अंगमेहनत करायची. फिटलेल्या हप्त्यांतून पुढच्याचे घर. पुढे देशोदेशी अटी थोड्या बदलल्या, पण घरमालकाने घाम गाळायचा हे सूत्र राहिले. कार्टर १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका पडक्या इमारतीची दुरुस्ती करायला बसने गेले, चर्चमध्ये फळ्यांच्या खाटांवर झोपले, आणि मग दरवर्षी कुठे ना कुठे जातच राहिले.

आता कोणी रोखठोक माणूस विचारील, "विमानाच्या भाड्यात आमचे किती गवंडी महिनाभर पोसले असते?" प्रश्न खोटा नाही. आठवड्याच्या पाहुण्याला ओळंबा धरता येत नाही. कसबी गवंडी नसतील तर त्याने रचलेली भिंत पाडूनच टाकावी लागेल. म्हणून अशा कामात पाया आधी भरून ठेवतात आणि जाणता माणूस शेजारी उभा करतात. पाहुण्याने घमेली वाहावीत, माल कालवावा, सांगितले तेवढे करावे. जेथे घरच्या माणसाला बाजूला बसवून पाहुण्यांचेच फोटो काढले जातात, तेथे हे सारे फुकट, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे इर्जिक घालतात. अडलेल्याच्या शेतावर गाव जमते, मजुरी कोणी घेत नाही, घरधनी जेवण घालतो. पण त्या दिवशी धनी स्वतः घरात लोळत पडत नाही. परदेशच्या इर्जिकीलाही हाच नियम लागू.

पोराच्या मनात असे कुठे जायचे असेल तर आईबापांनी एवढे जाणून घ्यावे की यात पगार नसतो. भाडे आणि राहण्याखाण्याचा खर्च बहुधा आपणच भरायचा. "सेवेला नेतो, तिथेच नोकरी लावतो" म्हणून कोणी एजंट पैसे मागू लागला तर त्याला ओसरीवरूनच वाटेला लावावे.

२०१९ च्या ऑक्टोबरात कार्टर घरात पडले. वय ९५. कपाळाला चौदा टाके पडले, डोळा काळानिळा झाला. त्याच संध्याकाळी ते नॅशव्हिल शहरात हजर झाले, आणि दुसऱ्या दिवशी लाकडाला भोके पाडण्याचे यंत्र हातात घेऊन कामाला लागले.