पेरणीचे दिवस आणि शाळेची घंटा

रोहिणीचे ऊन उतरणीला लागले आणि मृगाची चाहूल आली की हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. ओसरीवर बियाण्याच्या पिशव्या येऊन पडतात आणि आतल्या खोलीत खुंटीवरचे दप्तर खाली उतरते. ७ जूनच्या आसपास सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि जूनच्या मध्यावर मराठवाड्यातील शाळा उघडतात. पैनगंगेच्या पलीकडे, वाशीम-यवतमाळच्या बाजूला, विदर्भातील उन्हामुळे शाळांची सुटी आणखी काही दिवस चालू राहते. त्यामुळे नदीच्या एका काठावर परिपाठ सुरू झालेला असतो आणि दुसऱ्या काठावरची मुले अजून झाडाखाली खेळत असतात.

अलीकडच्या काठावरील आईबापांना तेवढीही सवलत नाही. पेरणी आणि शाळा ही दोन्ही कार्ये त्यांना एकाच पंधरवड्यात आणि एकाच खिशातून पार पाडावी लागतात. म्हणूनच मुलांच्या शाळेची आठवण निघाली की येथील पालक आधी त्या वर्षीच्या पावसाविषयी बोलू लागतात. ‘थोरला पहिलीत गेला त्या साली दुबार पेरणी झाली’, ‘धाकटी पाचवीत गेली तेव्हा मृग चांगला बरसला होता’, अशा रीतीने वर्षे मोजली जातात. मुलांची इयत्ता आणि आभाळाची कृपा यांची नोंद एकाच वहीत व्हावी, तसा हा प्रकार आहे.

या आठवणींमध्ये बाजाराच्या दिवसाला मोठे स्थान असते. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या आठवडी बाजारात बाप मुलाला घेऊन जातो. आधी खत, मग बियाणे, मग हळदीच्या बेण्याची चौकशी आणि उरलेच तर वह्या, असा क्रम ठरलेला असतो. मूल मात्र त्या क्रमाकडे उलट्या बाजूने पाहत असते. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर बसून ते समोरच्या दुकानात टांगलेली दप्तरे मोजते. दिवस कलता कलता बापाच्या हिशेबात एखादी पिशवी कमी होते आणि मुलाच्या हातात कंपासपेटी येते. ती पिशवी कोणाच्या उधारीवर आली, हे मुलाला फार पुढे, स्वतःच्या मुलासाठी कंपासपेटी घेताना उमगते. बापाला मात्र त्या दिवसातील उधारी आठवत नाही. आठवतो तो बसमध्ये मांडीवर पेटी घेऊन बसलेला मुलगा, ती पुन्हा पुन्हा उघडून पाहणारा.

पुस्तकांची गोष्टही अशीच आहे. पाठ्यपुस्तकांच्या निर्मितीसाठी १९६७ मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि राज्यभरातील मुलांच्या हाती एकसारखी पुस्तके येऊ लागली. तरीही कित्येक वर्षे गावातील बहुतेक घरांत नवे पुस्तक थोरल्याचेच असे. निकाल लागला की पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात निम्म्या किमतीने जात. पहिल्या पानावर तीन-चार नावे खोडलेली असत आणि त्याखाली नव्या धन्याचे नाव मोठ्या अक्षरात येई. रात्री कंदिलाच्या उजेडात आई भाताच्या खळीने फाटकी पाने चिकटवी आणि वर्तमानपत्राचे वेष्टन घाली. तिला स्वतःला अक्षरओळख नसे. वेष्टनाच्या कागदावर चित्र उलटे येऊ नये, एवढे मात्र ती कटाक्षाने पाही. सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून सरकारी शाळांत पुस्तके मोफत मिळू लागली, पहिल्याच दिवशी नव्या पुस्तकाचा वास प्रत्येकाच्या वाट्याला आला आणि खोडलेल्या नावांची ती परंपरा संपली. हे चांगलेच झाले. तथापि आजचे आजीआजोबा नातवाचे कोरे पुस्तक हातात घेऊन काही वेळ ते तसेच धरून का बसतात, हे समजण्यासाठी तो जुना काळ ठाऊक असावा लागतो.

त्याहूनही जुना काळ पाहिला तर शाळेची गोड आठवण ही येथे अगदी अलीकडची मिळकत आहे, असे दिसून येईल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे होते. मराठी बोलणाऱ्या मुलाला घरची भाषा घरीच ठेवून पुढे जावे लागे आणि बहुतेक मुले त्या उंबरठ्यापर्यंतही पोचत नसत. मुक्तिसंग्रामात बळी गेलेल्या बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमत येथील एका विद्यालयाला दिलेले आहे. हुतात्म्याचे स्मारक म्हणून या भागाने शाळेची निवड केली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांत शाळा आली ती कधी मारुतीच्या मंदिरात, कधी चावडीत, कधी कोणाच्या गोठ्याशेजारच्या पडवीत. गुरुजी घरोघर फिरून मुले गोळा करीत. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला की मूल सहा वर्षांचे झाले, असे मानले जाई. जन्मतारीख विचारली तर ‘पोळ्याच्या आधी’ किंवा ‘मोठा पूर आला त्या साली’ असे उत्तर येई. मग गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. आज निवृत्तीला आलेल्या कित्येक शिक्षकांचे, लिपिकांचे आणि शिपायांचे वाढदिवस जूनच्या त्याच तारखेला येतात, याचे कारण हे आहे. आईने जन्म दिला आणि तारीख शाळेने दिली. कचेरीत एकाच दिवशी चार-पाच जण सेवानिवृत्त होतात तेव्हा त्याची गंमत वाटते. पण त्या एका तारखेमागे, कोणीतरी हात धरून शाळेत नेलेल्या मुलांची एक सबंध पिढी उभी आहे.

शाळेत घालण्याच्या त्या पहिल्या दिवसाची आठवण आईजवळ अधिक नेमकी असते. मूल रडते, पदर सोडत नाही, गुरुजी किंवा बाई त्याला उचलून आत नेतात. आई दाराशी क्षणभर थांबते आणि पाठ फिरवून शेताकडे चालू लागते, कारण वापसा आलेला असतो आणि तिफणीमागे माणूस हवे असते. शाळेच्या ओसरीवर टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. तिचा आवाज गावाशेजारच्या शिवारात स्पष्ट ऐकू येतो. पहिली घंटा झाली की प्रार्थना, मधली झाली की मुलांनी डबा उघडला असेल, शेवटची झाली की ती निघाली असतील, असा हिशेब ती बी पेरता पेरता मनात करीत असते. अंगावर घड्याळ नसलेल्या त्या बाईचा दिवस मुलाच्या शाळेने असा बांधून दिलेला असतो. पुढे कितीही वर्षे गेली तरी ‘घंटा ऐकू यायची’ हे वाक्य अशा आठवणींत हमखास येते.

पुढचे प्रत्येक वर्ष मुलाला त्या घंटेपासून थोडे दूर नेते. चौथी झाली की शेजारच्या मोठ्या गावची शाळा, मग तालुक्याचे विद्यालय, एस. टी.चा पास आणि पहाटेचा डबा. मुलींच्या बाबतीत हे अंतर किलोमीटरपेक्षा लोकलज्जेने अधिक मोजले जाई. सातवीनंतर दप्तर माळ्यावर गेले ते गेलेच, अशा कहाण्या घराघरांत आहेत. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या आणि आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली यांनी या अंतरावर काही अंशी तोड काढली. सकाळी सेनगाव किंवा औंढ्याच्या रस्त्यावर सायकलींची रांग दिसते तेव्हा कडेला खुरपणी करणारी एखादी प्रौढ स्त्री कमरेवर हात ठेवून ती रांग संपेपर्यंत पाहत राहते. त्यानंतर येते ते नांदेडचे, छत्रपती संभाजीनगरचे किंवा पुण्याचे वसतिगृह. हिंगोलीवरून जाणारी गाडी २००८ पर्यंत मीटरगेजची होती. तिच्या फलाटावर पत्र्याची पेटी आणि चटणीचा डबा घेऊन उभी राहिलेली मुले व त्यांचे वडील यांचे चित्र आज पन्नाशीत असलेल्यांना सहज आठवेल.

सगळ्यांचाच जून असा नसतो. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील वाड्यातांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात. जूनमध्ये नवे पुस्तक मिळालेले मूल कार्तिकात फडावर असते आणि परतून येते तेव्हा वार्षिक परीक्षा दारात उभी असते. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ती वेळेवर सुरू झाली तर मूल आजीजवळ राहून शाळा करते; उशीर झाला तर ते आईबरोबर गाडीत चढते. अशा घरांमध्ये शाळेत परत जाण्याची आठवण दरवर्षी दोनदा घडते आणि दुसऱ्या वेळी ती गोड असतेच असे नाही.

जून येऊनही शाळा उघडली नाही, अशी वेळ २०२० आणि २०२१ या दोन वर्षी आली. पेरण्या झाल्या, पण घंटा वाजली नाही. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ पाहून आणि घरातील एकुलत्या एका भ्रमणध्वनीभोवती बसून मुलांनी शिकावे, अशी अपेक्षा होती. शेतात जाताना तो भ्रमणध्वनी बापाच्या खिशातच असे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास राज्यात परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. जून २०२० मध्ये नाव घातलेले मूल पहिलीचा वर्ग न पाहताच दुसरीत पोचले होते. शाळा म्हणजे केवळ पुस्तक नव्हे, हे शिक्षणशास्त्रज्ञांनी सांगण्यापूर्वीच बांधावरच्या आईला त्या दोन पावसाळ्यांत कळून चुकले होते.

या सर्व आठवणींचा विचार आज करावयाचा तो एका व्यावहारिक कारणासाठी. लहान गावे ओस पडत आहेत, ज्यांना परवडते ते मुलांना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवीत आहेत आणि जिल्हा परिषद शाळांचा पट घटत आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभाराव्यात, असा विचार राज्याच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये पुढे आणला. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळण्यापेक्षा प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळायला सवंगडी आणि प्रयोगासाठी साहित्य असणे केव्हाही चांगले. गाडीची सोय होईल, असेही सांगितले जाते. परंतु पावसाळ्यात कयाधूला पूर आला आणि ओढ्यावरचा नळकांडी पूल पाण्याखाली गेला की कोणती गाडी तांड्यापर्यंत येणार, याचे उत्तर कागदावर देणे सोपे नाही. शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून प्राथमिक शाळा घराजवळ असण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे हेच साधे शहाणपण होते. सहा वर्षांच्या मुलाला शाळा चालत जाण्याइतकी जवळ हवी, आणि त्याच्या आईला ती विश्वासाने पाठ फिरविण्याइतकी जवळ हवी.

पट आणि खर्च यांचे गणित शासनाने मांडावे, ते त्याचे कामच आहे. मात्र त्या गणितात एक रकाना अंतराचाही असला पाहिजे. ज्या घरात आजोबांना शाळा मिळाली नाही, आजीला जन्मतारीख नाही आणि आईचे दप्तर सातवीनंतर माळ्यावर गेले, त्या घरातील मूल नियमाने शाळेत गेले ते शाळा त्याच्या दारापर्यंत चालून आली म्हणून. ती दोन पावले मागे सरली तर जे मूल प्रथम गळेल ते पिवळ्या गाडीतील नसेल. ते तांड्यावरचे असेल आणि बहुधा ती मुलगी असेल.

यंदाही मृगाचा पाऊस पडेल, प्रवेशोत्सवाच्या दिवशी कोठे बैलगाडीतून मिरवणूक निघेल, कोठे गुलाबाचे फूल आणि गोड खाऊ देऊन नव्या मुलांचे स्वागत होईल. फुले दुपारपर्यंत सुकतील. शिवारात पेरणी करणारी आई वर मान करून कानोसा घेईल, तेव्हा तिला घंटा ऐकू आली पाहिजे.