मूळ संहितेपासून बांधलेल्या सॉफ्टवेअरचे संदर्भ-निकाल

शब्दगणना व शोध यांसाठी भाषाभ्यासकास आज जी साधने लागतात, त्यांपैकी पुष्कळ मूळ संहितेच्या रूपात मिळतात व आपल्याच संगणकावर बांधून घ्यावी लागतात. बांधणी निर्वेध झाली म्हणजे साधन विश्वसनीय झाले, असे नव्हे. म्हणून सोबत चाचण्या दिलेल्या असतात. परंतु एखादी चाचणी अनुत्तीर्ण झाली, तर दोष आपल्या बांधणीचा की मूळ साधनाचा, हे कशावरून ठरवावे? त्यासाठी पूर्वी नोंदविलेला संदर्भ-निकाल हवा. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ साली आरंभिलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या ग्रंथात कोणत्या चाचण्या अनुत्तीर्ण होण्याचा संभव आहे हे नमूद असते, ते याच हेतूने.

मराठीतील उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. हे दुसरे रूप युनिकोडमध्ये ऱ (०९३१) या अक्षराने लिहिता येते. तसेच साधा र (०९३०), हलन्त चिन्ह व शून्य-रुंदीचे जोडचिन्ह यांनीही. डोळ्यांस रूप एकच दिसते, संगणकास मात्र दोन. युनिकोडच्या प्रमाणीकरणात र व नुक्ता यांचा संयोग ऱ शी समतुल्य मानला आहे. जोडचिन्हयुक्त रूप तसे मानलेले नाही.

आता समजा, मेहरूण येथील एखाद्या विद्यार्थ्याने ‘दऱ्या’ची दोन्ही लेखने प्रमाणीकरणानंतर एकरूप व्हावीत, अशी चाचणी योजिली. ती अनुत्तीर्ण होणार, आणि तसे होणेच नियमास धरून आहे. अशा निकालास ‘अपेक्षित अपयश’ म्हणतात. त्याची कारणासह नोंद नसेल, तर पुढील अभ्यासक नसलेला दोष शोधीत बसेल. चाचणीच गाळली, तर ‘-ऱ्या’कारान्त रूपांची गणना चुकेल व तीवरील निष्कर्षही. उलट, तीच चाचणी पुढे अकस्मात उत्तीर्ण झाली, तर त्या ‘अनपेक्षित यशा’चीही चौकशी केली पाहिजे.

नोंदीत साधनाची आवृत्ती, संकलक व त्यास दिलेले पर्याय, संगणकप्रणाली, युनिकोडची आवृत्ती, भाषा-प्रदेशाची मांडणी व दिनांक ही असावीत. केवळ बेरीज पुरेशी नाही: दोन ठिकाणी तीन-तीन चाचण्या अनुत्तीर्ण झाल्या, तरी त्या त्याच तीन असतील असे नाही. यास्तव प्रत्येकीचे नाव लिहावे. वगळलेल्या चाचण्या निराळ्या दाखवाव्यात. वगळलेली म्हणजे उत्तीर्ण नव्हे.

ही शिस्त आपणांस अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद हस्तलिखितांच्या संकेतांसह तळटीपांत दिले आहेत. त्यामुळे संपादकाचा निर्णय वाचकास पारखून घेता येतो. प्रबंधास जोडलेली चाचण्यांची नोंद परीक्षकास तीच सोय करून देते.