टॉपिक मिळाला, पण प्रश्न कुठाय?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘शालेय शिक्षणातील स्कॉटिश साहित्य : एक अभ्यास’. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, “हा टॉपिक झाला. प्रश्न कुठाय?” दोन महिन्यांचं काम तिथेच थांबलं. तुमचं थांबू नये म्हणून पुढे काय केलं ते सांगते.

आधी पार्श्वभूमी. स्कॉटलंडच्या शालेय परीक्षा इंग्लंडपेक्षा वेगळ्या आहेत. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलं की इंग्रजीच्या परीक्षेत स्कॉटिश साहित्यावरचा प्रश्न सक्तीचा असेल. ‘नॅशनल ५’ या परीक्षेत तो २०१४ पासून आला, तर ‘हायर’ या वरच्या परीक्षेत २०१५ पासून. गुण १०० पैकी २०. नेमलेल्या यादीतल्या एखाद्या कृतीचा उतारा छापून येतो आणि त्यावर प्रश्न असतात.

मग माझा प्रश्न ठरला : सक्तीमुळे स्कॉटिश साहित्याचं वाचन वाढलं का? यादी बघून ‘हो’ म्हणावंसं वाटतं. इथेच आपण फसतो. यादीत नेमलेलं, वर्गात शिकवलेलं आणि मुलांपर्यंत पोचलेलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी कागदपत्रं पुरतात. दुसरीसाठी शिक्षकांशी बोलावं लागतं, तिसरीसाठी मुलांशी.

मला दुसरी हवी होती : यादीतून शिक्षक काय निवडतात, आणि का? माझा अंदाज होता की स्कॉट्स भाषेतलं साहित्य मागे पडत असेल. उदाहरण म्हणून लुईस ग्रॅसिक गिबनची ‘सनसेट साँग’ ही १९३२ ची कादंबरी घेतली. तिच्या भाषेत स्कॉट्स मिसळलेली आहे. पण समजा, एखाद्या शिक्षकाने ती टाळली. कारण भाषा, की कादंबरीची लांबी? तास तर मोजकेच असतात. एका उदाहरणावरून हे कळणारच नाही.

म्हणून २०१५ च्या हायरच्या यादीतून चार नावं घेतली. नॉर्मन मॅकेग : कविता, इंग्रजी. रॉबर्ट बर्न्स : कविता, स्कॉट्स. रॉबिन जेनकिन्सची ‘द कोन-गॅदरर्स’ : कादंबरी, इंग्रजी. आणि ‘सनसेट साँग’ : कादंबरी, स्कॉट्समिश्रित. आता तुलना करता येते. बर्न्स निवडला जातो पण ‘सनसेट साँग’ नाही, असं दिसलं तर संशय लांबीवर. दोन्ही टाळले जात असतील तर भाषेवर. अर्थात हा फक्त संशय. खरं कारण मुलाखतीतच कळेल.

एवढा काथ्याकूट कशाला? घरी स्कॉट्स बोलणाऱ्या मुलाला आपली भाषा वर्गात भेटते की नुसती यादीत राहते, हे त्यावर ठरतं. शिवाय उपायही वेगळे. अडचण लांबीची असेल तर छोट्या कृती नेमता येतील. भाषेची असेल तर आधी शिक्षकांना तयारी आणि साहित्य द्यावं लागेल.

आता तुमचं शीर्षक काढा. खाली एक वाक्य लिहा : ‘काय दिसलं तर माझा अंदाज चुकीचा ठरेल?’ उत्तर सुचत नसेल, तर तुमच्याकडेही अजून टॉपिकच आहे.