स्वच्छतेची साधने

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याहून कोलाडकडे जाताना रोहे तालुक्यातील खांब हे गाव लागते. या मुलखात पाऊस सुरू झाला की अंगणातील व रानातील गढूळ पाणी विहिरींत उतरते व त्याबरोबर रोगजंतूही येतात. म्हणून कोकणातील खेड्यांत विहिरींच्या पाण्यात विरंजक चूर्ण टाकतात. लोक त्याला टीसीएल पावडर म्हणतात. चूर्ण बादलीभर पाण्यात कालवावे, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळ विहिरीत सोडावी, अशी त्याची रीत आहे. मोजून घातलेले हे चूर्ण पटकीसारख्या रोगांना दूर ठेवते.

हेच चूर्ण मोरी धुण्यासाठी घरातही येते. त्याच्याच शेजारी शौचकूप स्वच्छ करण्याच्या आम्लाची बाटली असते. दोन्ही वस्तू उपयोगी खऱ्या. पण त्या एकत्र आल्या की त्यांतून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1774 मध्ये हा वायू प्रथम तयार केला आणि 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, ईप्र येथे तो शस्त्र म्हणून वापरला गेला. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. बंद मोरीत त्याने डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते आणि श्वास कोंडतो. अमोनिया असलेल्या द्रावणात चूर्ण मिसळले, तरीही घातक वायू निर्माण होतात. म्हणून एका वेळी एकच साधन वापरावे, खिडकी उघडी ठेवावी आणि दुसरे साधन घेण्यापूर्वी जागा भरपूर पाण्याने धुवावी. आम्ल पातळ करायचे असल्यास पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

पूर्वी भांडी राखेने व चिंचेने घासली जात. राख करवंटीत ठेवली काय किंवा कोनाड्यात ठेवली काय, त्यात धोका नसे. आज साधने बदलली, पण हाताशी येईल त्या भांड्यात वस्तू ठेवण्याची सवय मात्र राहिली. सरबताच्या बाटलीत फिनेल किंवा आम्ल भरून ठेवले, तर तहानलेल्या मुलाला ते कसे ओळखू यावे? यासाठी प्रत्येक वस्तू तिच्या मूळ डब्यातच, नावाच्या चिठ्ठीसह, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद फडताळात ठेवावी. ती धान्याजवळ ठेवू नये. विरंजक चूर्ण दमट हवेत निःसत्त्व होते. म्हणून पावसाळ्यात त्याचा डबा घट्ट झाकून कोरड्या, थंड जागी ठेवावा.

इतके करूनही अपघात झाल्यास घाबरू नये. डोळ्यांत द्रव उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळे धुवावे. आम्ल, फिनेल किंवा रॉकेल पोटात गेल्यास रुग्णाला ओकारी काढायला लावू नये. वर येताना ते द्रव्य अन्ननलिकेला किंवा फुप्फुसांना अधिक इजा करते. ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तो डबा वैद्यांना दाखवावा.

उरलेल्या द्रव्याचे काय करावे? मुळात गरजेपुरतेच आणावे, म्हणजे उरणारच नाही. उरलेच तर ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये; नाल्याचे पाणी शेवटी नदीलाच मिळते. ते जाळू नये वा पुरू नये. मलकुंडात आम्ल किंवा फिनेल फार ओतल्यास मळ कुजवणारे उपयुक्त जीवाणू मरतात. उरलेले द्रव्य व रिकामे डबे इतर कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून, घातक कचरा म्हणून सांगूनच कचरा नेणाऱ्याच्या हाती द्यावे. त्या डब्यांत पाणी किंवा तेल पुन्हा कधी भरू नये.

ज्या चूर्णाने विहीर शुद्ध होते, त्याच चूर्णाने मोरीत जीव गुदमरतो. प्रमाण, जागा आणि सोबत ही तिन्ही सांभाळली, तरच स्वच्छतेचे साधन आरोग्याचे साधन ठरते.